मिरवणुकीनंतर काय?

विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर राणी एलिझाबेथच्या हस्ते बक्षीस घेणारी ॲल्थिया गिब्सन. साल १९५७. अंतिम सामन्यात तिने डार्लीन हार्डला ६-३, ६-२ असे हरवले होते. तिथे एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. न्यूयॉर्कने तिची थाटात मिरवणूक काढली. मला मात्र मिरवणुकीनंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

साउथ कॅरोलायनात १९२७ साली जन्मलेली ही मुलगी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढली. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धा ती जिंकत होती, पण गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला मज्जाव होता. १९५० मध्ये ॲलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीने टेनिसच्या मासिकात लेख लिहून आपल्याच लोकांना खडे बोल सुनावले. त्याच वर्षी ॲल्थिया फॉरेस्ट हिल्सवर खेळली. १९५६ साली फ्रेंच, मग १९५७ आणि १९५८ साली विम्बल्डन व अमेरिकन अशी तिने एकेरीची पाच विजेतेपदे मिळवली.

पण तो जमाना हौशी टेनिसचा. विजेत्याला चषक मिळे, पैसा नाही. व्यावसायिकांना मोठ्या स्पर्धांची दारे उघडली ती १९६८ मध्ये. तोवर ॲल्थियाची उमेदीची वर्षे सरली होती. ऐन बहरात, १९५८ च्या अखेरीस तिने हौशी टेनिस सोडले. गाण्याची तबकडी काढली, सिनेमात काम केले, बास्केटबॉलच्या सामन्यांआधी प्रदर्शनीय टेनिस खेळली, पुढे व्यावसायिक गोल्फही खेळली. कोणी याला हौस म्हणेल. मी पोटापाण्याची धडपड म्हणतो.

नव्वदच्या दशकात आजारपण आले, हात रिकामे झाले. तिने इंग्लंडमधल्या अँजेला बक्स्टनला फोन केला. ही १९५६ मधली तिची दुहेरीची जोडीदार. ज्यू असल्याने अँजेलानेही बंद दारे पाहिली होती. ती हाकेला धावली, टेनिसप्रेमींना आवाहन केले आणि मदतीचा ओघ सुरू झाला. ॲल्थिया २००३ मध्ये गेली.

२०१९ मध्ये अमेरिकन स्पर्धेच्या आवारात तिचा पुतळा उभा राहिला. २०२५ मध्ये २५ सेंटच्या नाण्यावर तिची छबी आली. विम्बल्डन जिंकून जिला एक नाणेही मिळाले नाही, तिचीच ही छबी!

पुतळे जरूर उभारावेत. पण खेळाडूच्या म्हातारपणाची सोय एखाद्या मैत्रिणीच्या चांगुलपणावर सोडू नये. सन्मान तो माणूस हयात असताना त्याच्या घरची चूल पेटती ठेवण्यातही असतो.