अळी नसलेला पालक



चातुर्मास लागला की आमच्या घरी पालेभाजी बंद. यंदा धाकट्या जावेनं विचारलं, "ताई, हल्ली भर पावसातही पालकात अळी नसते. पान अन् पान स्वच्छ. मग सोडायचा कशाला?"

पावसाळ्यात पानावर जीव वाढतात म्हणून आपण पालेभाजी सोडतो. पण भंडाऱ्यासारख्या धानाच्या आणि तलावांच्या जिल्ह्यात, श्रावणात, पानावर एकही किडा नसेल तर तो गेला कुठे? याचं उत्तर शोधायचं सोडून आपण त्या पानाला शुद्ध म्हणतो!

कंदमूळ नको, बहुबीज म्हणून वांगं नको, शेजारणी हौसेनं सात्या रांधतात तेव्हा आपण नाक मुरडतो. इतका बारकाईनं विचार करणाऱ्या आपण बाजारात मात्र चकचकीत तेवढंच उचलतो. परवा एका भाजीवाल्या बाईला मी फवारणीबद्दल बोलले. तिनं मलाच सुनावलं, "बाई, डाग दिसला की तुमीच तर परत टाकता." माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याच क्षणी माझ्या हातातली डागाळलेली भेंडी मी परत टाकत होते.

कृत, कारित, अनुमोदित. आपण फवारत नाही, पण न फवारलेलं नाकारतो आणि फवारलेल्याला जास्त पैसे देतो. ही अनुमोदना नाही तर काय? आणि मरतात ते केवळ किडेच नव्हेत. २०१७ साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कपाशी होती, भाजी नव्हे, असं कुणी म्हणेल. पाठीवरचा पंप तोच असतो.

म्हणजे किडकी भाजी खायची का? मुळीच नाही. पण डाग आणि भोक यातला फरक तरी ओळखा. वाऱ्यानं घासून पडलेला तपकिरी ओरखडा वरच्या सालीवरच असतो; भोक असेल तर आत जीव असू शकतो. म्हणून भेंडी आधी उभी चिरून, आत पाहून मगच आडवी चिरायची. अळी निघालीच तर फोडीसकट परसात, सावलीत. आमच्या सासूबाई याला भाजी निवडणं म्हणत. आता निवडणं म्हणजे पिशवीत भरणं झालंय.

चांगली भाजी चकाकीवरून कळत नाही, हाताला कळते. भेंडीचं टोक कट्कन मोडलं पाहिजे. गवारही तशीच, वाकली आणि तुटली नाही तर जून. दोडका आकाराच्या मानानं जड हवा, हलका असेल तर आत जाळी धरलेली. दुधीत नख सहज रुतलं पाहिजे, आणि चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर सरळ फेका; तो कडूपणा विषारी असतो, शिजवून जात नाही. काटवल हिरवं घ्या, पिवळं पडलं की बी टणक. भेंडीला रंग दिलाय अशी शंका आली तर कापसाचा बोळा लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवून वरून घासा. बोळा हिरवा झाला तर रंग आहे. ही तपासणी अन्नसुरक्षा प्राधिकरणानंच सांगितलेली आहे, घरी सहज होते. फवारलेलं औषध मात्र यात दिसत नाही.

ज्याचा हंगाम नाही ते मी आता घेत नाही. धुऱ्यावरच्या वालाच्या शेंगा थंडीतच येतात, तर थंडीतच खाऊ. तोवर दोडका, काटवल, चवळीच्या शेंगा, आणि कंटाळा आला की घरचे मुगाचे सांडगे. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत.

जावेनं पालक आणला नाही. काल ती त्याच बाईकडून अर्धा किलो भेंडी घेऊन आली, ओरखडे असलेली. बाईनं दोनदा विचारलं म्हणे, "हेच पायजे ना?"