राणीची बाग आणि मातोश्रींचा प्रश्न



उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाने ‘पेंग्विन दाखवा’ असा हट्ट धरला आणि आम्ही उभयता त्याला घेऊन हडपसरहून मुंबईस गेलो. भायखळा स्थानकापासून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान पायी अंतरावर आहे. जुनी मंडळी त्यास अजूनही राणीची बागच म्हणतात. (बुधवारी बाग बंद असते, हे ध्यानी ठेवावे.)

तिकीट काढताना मातोश्रींची आठवण झाली. माझ्या लहानपणी वडील आम्हा भावंडांना पेशवे पार्कात नेत, फुलराणीत बसवीत. मातोश्री मात्र फाटकाबाहेरच थांबत. “कोंडलेला जीव पाहायला पैसे कशाला मोजायचे?” एवढेच त्या म्हणत. आम्हांस तेव्हा त्यांचा रागच येई.

ही बाग 1862 साली खुली झाली ती वनस्पतींसाठी. प्राणी पुढे आले. आजही तिचे खरे वैभव वृक्षांचेच आहे. जाडजूड बुंध्याची गोरखचिंच आणि उर्वशीचे झाड पाहताना मुंबईचा उकाडा विसरला. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, तोही आवर्जून पाहावा.

पेंग्विन काचेआड, गार पाण्यात सुरेख पोहत होते. नातू हरखला. हा पक्षी पेरू व चिलीच्या किनाऱ्यावरचा. 2016 साली सेऊलहून आठ पेंग्विन येथे आणले आणि त्यांतला एक काही महिन्यांतच दगावला. हे मी नातवास सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, त्याला इथे यायचं होतं का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

याच मुंबईत, ही बाग होण्यापूर्वी 28 वर्षे, 1834 साली भुलेश्वरची पांजरपोळ सुरू झाली होती. 1832 मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज खवळून उठला व दंगा झाला. त्यानंतर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने, व्यापाऱ्यांच्या पैशावर हा आश्रय उभा राहिला. बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या मला या जमाखर्चाचे विशेष वाटते: तेथे आपल्या धंद्यातला पैसा वेगळा काढून लोकांनी मुक्या जिवांसाठी दिला.

बागेस मी पुन्हा जाईन, पण झाडांसाठी. काचेपुढे उभे राहण्याची इच्छा उरली नाही. अर्थात नातवाला नेले नसते, तर त्याने तो प्रश्न विचारलाच नसता, हेही खरे.

दुपारी आम्ही भुलेश्वरला गेलो. तिघांच्या तिकिटांना जेवढे लागले होते, तेवढ्याच रुपयांचा चारा सौ.नी घेतला. नातवाने तो गाईंना स्वतःच्या हाताने घातला. पुढे मात्र घाई झाली, कारण सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे होते.