नाटकाच्या टाळ्या आणि कादंबरीची वर्षं

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत लिहित्या हातांची वाण कधीच नव्हती. जत्रा जवळ आली की वाड्यावाड्यावर नाटकाच्या तालमी लागतात, देवळाच्या सभामंडपातून रात्री उशिरापर्यंत प्रॉम्प्टरचा आवाज येत राहतो, आणि कितीदा तरी संहिताही गावातल्याच कुणीतरी लिहिलेली असते. दशावतारात तर छापील संहितेचीही गरज पडत नाही. कथानक ठरतं आणि संवाद नट रंगमंचावरच उभे करतात. भजन, कीर्तन, कविसंमेलनं आहेतच. एवढा शब्दांचा राबता असलेल्या भागातून मराठी कादंबरी मात्र क्वचित येते, आणि सुरू झालेल्या कित्येक कादंबऱ्या पाचव्या-सहाव्या प्रकरणाशी थांबतात. मला याचं कारण अपेक्षेत दिसतं. नाटकाने लेखकाला ठरलेली तारीख दिलेली असते, समोर बसलेला गाव दिलेला असतो आणि पडदा पडता पडता पावतीही दिलेली असते. तोच लेखक कादंबरीला बसला की नकळत याच तिन्ही गोष्टींची वाट पाहतो, आणि कादंबरी त्यातली एकही देत नाही.

साधा हिशोब मांडून पाहावा. अडीचशे पानांची कादंबरी म्हणजे साधारण साठ-सत्तर हजार शब्द. नोकरी, शेत किंवा दुकान सांभाळून रोज तीनशे शब्द झाले तरी नुसता पहिला खर्डा व्हायला सात महिने लागतात, आणि एकही दिवस न चुकवता तीनशे शब्द लिहिणारा माणूस विरळाच. चतुर्थीचे दिवस, शिगमा, घरातलं आजारपण यांत आठवडे निघून जातात. त्यानंतर पुनर्लेखन. म्हणजे पहिल्या कादंबरीला दोन-तीन वर्षं लागणं ही सामान्य गोष्ट आहे. हे आधी माहीत असलेला लेखक आठव्या महिन्यात वही मिटत नाही. ज्याने येत्या वाढदिवसाला प्रकाशन ठरवलेलं असतं, तो मात्र स्वतःला नालायक समजून थांबतो.

याचा दाखला पेडण्याच्या वेशीवरच आहे. तेरेखोल नदीपलीकडे, काही मैलांवर शिरोडे. वि. स. खांडेकर तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून १९२० साली आले. त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ १९३० साली निघाली. मधली दहा वर्षं ते शाळा चालवत होते आणि कथा, टीका, विनोदी लेख लिहीत होते. पहिल्या कादंबरीने त्यांना ज्ञानपीठ मिळालं नाही. ते मिळालं १९७४ साली, आणि ज्या ‘ययाति’ने त्यांचं नाव देशभर नेलं, ती १९५९ची, पहिल्या कादंबरीनंतर एकोणतीस वर्षांनी आलेली. खांडेकरांची शैली आज जुनी वाटो वा न वाटो, हा क्रम नव्या लेखकाने नीट पाहावा. पहिल्या पुस्तकाने त्यांना कादंबरी पूर्ण करायला शिकवलं, आणि पहिल्या पुस्तकाकडून एवढीच अपेक्षा रास्त आहे.

आपण वाचकही लेखकावर एक ओझं टाकतो. डिचोलीच्या माणसाने कादंबरी लिहायला घेतली की त्यात खाण, शिरगावची लईराई, कूळ-मुंडकार, खाणबंदी सगळं यावं असं आपल्याला वाटतं. पेडण्याच्या लेखकाकडून मोपाचा विमानतळ, गेलेल्या जमिनी, किनाऱ्यावरची हॉटेलं आणि देशप्रभूंचा वाडा, सारं काही हवं असतं. एका पहिल्या कादंबरीने अख्ख्या तालुक्याचा इतिहास पेलावा ही मागणी अन्यायाची आहे. गोव्याच्या खाणींचा पसारा १९५०च्या दशकात वाढला. खाणीने एका गावाची शेती आणि माणसं कशी पोखरली हे सांगणारी पुंडलीक नायक यांची कोकणी कादंबरी ‘अच्छेव’ आली १९७७ साली, आणि तीही एका गावावर ठाम राहते. मोपाहून पहिली विमानं उडाली जानेवारी २०२३मध्ये. त्या जमिनीची खरी कादंबरी यायला आणखी पंधरा वर्षं लागली तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तोवर ज्याला लिहायचं त्याने एक घर, एक भाऊबंदकी, एक कुळागर घ्यावं.

यावर आक्षेप येतो की भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ काही आठवड्यांतच लिहिली, मग वर्षांचं कौतुक कशाला? गोष्ट खरी आहे. पण पुढची ‘बिढार’ यायला १९७५ उजाडलं, म्हणजे बारा वर्षं गेली. आणि ‘हिंदू’ची वाट वाचकांनी २०१०पर्यंत पाहिली. एकाच लेखकाच्या एका झपाटलेल्या हंगामावरून सर्वांचं वेळापत्रक ठरवता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: अपेक्षा खाली आणल्या की लेखन सामान्य होतं. मी वाक्याबद्दलची, पात्राबद्दलची अपेक्षा कमी करायला सांगत नाही. ती हवी तेवढी उंच ठेवावी. कमी करायची ती वेळेची, मानाची आणि पैशाची. पानावर कठोर राहायचं बळ यातूनच मिळतं, कारण पुरस्काराच्या मुदतीसाठी कच्चं पुस्तक छापायचा मोह उरत नाही.

पैशाचं तर स्पष्टच बोलावं. २०११च्या जनगणनेत गोव्यात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ११ टक्के होते. कोकणी बोलणारे कितीतरी जण मराठी वाचतात हे धरलं तरी कादंबरी विकत घेणारे थोडेच. तीनशे रुपयांच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती खपल्या आणि दहा टक्के मानधन मिळालं, तर हाती येतात पंधरा हजार. अनेकांना छपाईचा खर्चही स्वतःच करावा लागतो. म्हणून कर्ज काढून हजार प्रती छापण्याआधी हस्तलिखित दोन अशा वाचकांना द्यावं जे नातेवाईक नाहीत आणि कंटाळा आला तर तसं सांगतील. पेडणे आणि डिचोलीतल्या वाचनालयांनी आणि साहित्य मंडळांनी प्रकाशन सोहळ्याइतकाच वेळ अशा अपूर्ण खर्ड्यांच्या वाचनाला दिला, तर सहाव्या प्रकरणाशी थांबलेल्यांतले दोघे-तिघे नक्की पुढे जातील.