पाठ टेकल्यानंतरची कुस्ती

हातकणंगले तालुक्यात चुरगळलेल्या कानांची माणसे मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. कुणी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर असतो, कुणी इचलकरंजीत माग सांभाळतो, कुणी हुपरीत चांदीच्या कामात आहे, कुणी ऊस आणि म्हशींत अडकलेला. विशीत या सगळ्यांनी जत्रांचे फड मारलेले असतात. मग तिशी ओलांडते, गुडघा कुरकुरू लागतो, संसार मागे लागतो आणि लंगोट खुंटीला जातो. खुराकाची सवय तेवढी राहते. मेहनत सुटलेल्या मल्लाच्या पोटाचे आणि रक्तातल्या साखरेचे काय होते हे वस्ताद मंडळींना आम्ही सांगायला नको.

या माणसाला पुन्हा अंगाला घाम आणणाऱ्या झुंजीत आणायचे, तर ब्राझिलियन जिउ-जित्सू हा आज आम्हाला दिसणारा सर्वात चांगला रस्ता आहे. त्या रस्त्यातली सर्वात मोठी धोंड म्हणजे त्याने तालमीत घोटलेली कुस्तीच.

परका खेळ, आपल्या मातीतला नव्हे, असे म्हणणाऱ्यांना खाशाबा जाधवांची आठवण करून द्यावीशी वाटते. गोळेश्वरचा हा गडी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला, मातीत वाढला आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा मॅट त्याला नवीच होती. तरी सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याने कांस्यपदक मिळवले ते सर्वांना पाठ आहे. त्या वजनगटाचे सुवर्ण ज्याने नेले आणि ज्याच्याकडून खाशाबा हरले, तो जपानचा शोहाची इशी मुळात ज्युडोचा. महायुद्धानंतर अमेरिकी ताबा-प्रशासनाने जपानमध्ये ज्युडोवर बंदी आणली म्हणून तो कुस्तीकडे वळला, आणि त्या ऑलिंपिकमधले जपानचे एकमेव सुवर्ण त्याने कमावले. म्हणजे आपल्या सर्वात मोठ्या पदकाच्या कहाणीत दोन्ही बाजूंना आपले जुने अंगवळण मोडून नवे शिकलेली माणसे होती.

जिउ-जित्सूची वंशावळही त्याच ज्युडोची. कोदोकान या ज्युडो शाळेतला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला, बेलेम शहरात कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला आणि ग्रेसी भावंडांनी फेकीपेक्षा जमिनीवरच्या झुंजीवर सगळा जोर दिला. इतिहास एवढा पुरे. आपला घोळ आहे तो जमिनीवर.

कुस्तीचा सगळा संस्कार एकच आहे: पाठ लागू द्यायची नाही. तोल गेला की मल्ल हवेतच वळतो आणि पालथा पडतो. वर्षानुवर्षे घोटून घेतलेली ही सवय झोपेतही सुटत नाही. जिउ-जित्सूत नेमकी हीच घात करते. पालथ्या माणसाच्या पाठीवर समोरचा चढतो आणि दोन्ही टाचा मांड्यांच्या आतून अडकवतो. त्याचे त्याला ४ गुण मिळतात. पण गुणांची चिंता नंतरची. त्याचा हात हनुवटीखाली शिरला की मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि श्वास चालू असतानाही काही सेकंदांत शुद्ध हरपते. कमावलेली जाड मान इथे फारशी कामाला येत नाही.

उलट उताणा पडलेला माणूस इथे हरलेला नसतो. वरच्याच्या कमरेभोवती पाय आवळून तो लढत असतो. त्या पवित्र्याला गार्ड म्हणतात. इंटरनॅशनल ब्राझिलियन जिउ-जित्सू फेडरेशनच्या नियमांत पट काढून पाडल्याचे २ गुण आहेत, आणि त्या पायांच्या कुंपणातून सुटून बाजूने पक्का ताबा घेतला तर ३. यातले कठीण काम कोणते, याबद्दल खेळाचे मत आकड्यांतच आहे. आपला मल्ल दुहेरी पट काढून समोरच्याला अस्मान दाखवतो, डाव संपला म्हणून निर्धास्त होतो, दोन्ही हात त्याच्या छातीवर रोवून दाब द्यायला जातो आणि लांब झालेला तो हात कोपरातून अडकतो. एक हात पायांच्या आत आणि एक बाहेर राहिला तर मानेभोवती पायांचा त्रिकोण पडतो. वैतागून त्याने समोरच्याला उचलून आपटले तर थेट बाद, कारण आपटायला मनाई आहे.

हे नवशिक्यांपुरतेच नाही. रितू फोगट राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेची सुवर्णविजेती. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये गेली आणि ३ डिसेंबर २०२१ ला सिंगापूरमध्ये ‘वन चॅम्पियनशिप’च्या ग्रां प्रीच्या अंतिम लढतीत पोहोचली. समोर स्टॅम्प फेअरटेक्स होती, मूळची मुय थायची, म्हणजे लाथा-बुक्क्यांच्या खेळातली. दुसऱ्या फेरीत रितू वर होती, स्टॅम्प खाली. खालूनच स्टॅम्पने पायांचा त्रिकोण टाकला, त्यातून कोपराचा पेच लावला आणि रितूला हार मानून थाप मारावी लागली. त्याआधी २०१७ मध्ये मुंबईचा भारत खंडारे यूएफसी या त्याच खेळाच्या स्पर्धेत उतरणारा पहिला भारतीय ठरला. शांघायमधली ती लढत चिनी सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत गिलोटिनने, म्हणजे पुढून मान काखेत आवळून संपवली. पट काढताना डोके समोरच्याच्या काखेखाली राहिले, तर कुस्तीत फार तर डाव फसतो. इथे मान जाते. पट काढताना कान समोरच्याच्या छातीला चिकटलेला हवा, नजर वर हवी, हे आधीच सांगून ठेवायला हवे.

आता एक मत मांडतो. मॅटच्या प्रशिक्षकांना ते आवडणार नाही. आमच्या मते मॅटवर गुणांची कुस्ती खेळून थांबलेल्या तरुणापेक्षा मातीतल्या निकाली कुस्तीवर वाढलेला जुना गडी जिउ-जित्सूत लवकर रुळेल. फ्रीस्टाइलमध्ये खाली धरलेल्यावर काही घडले नाही की पंच थोड्याच वेळात दोघांना उभे करतो. तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत रेंगाळायला वेळच नसतो. शाहू महाराजांच्या खासबागेत किंवा गावच्या जत्रेत निकाली कुस्तीला घड्याळ नव्हते. सवारी भरायची, घिस्सा लावायचा, अंगाचे ओझे समोरच्याच्या श्वासावर टाकायचे आणि तो चुकेपर्यंत थांबायचे, ही जुनी चाल. जिउ-जित्सूतला वरचा माणूस हेच करतो. जुन्या मल्लाकडे हा संयम अंगात मुरलेला असतो. त्याला फक्त ताबा कुठे पक्का होतो आणि कुठे धोका असतो याचा नवा नकाशा हवा असतो. गती कमी झाली म्हणून त्याचे अडत नाही. खाली पडल्यावर मात्र दोघेही मल्ल सारखेच अडाणी.

खरी अडचण पुढची आहे. कुस्तीत थाप म्हणजे शड्डू, आव्हान. इथे थाप म्हणजे ‘सोड’. ती एका सरावात अनेकदा मारावी लागते, तीही आपल्यापेक्षा पंधरा-वीस किलो हलक्या पोराच्या हाताखाली. १९७६ मध्ये कराचीत गामाचा पुतण्या अक्रम पैलवान जपानच्या अंतोनिओ इनोकीशी लढला. इनोकीने त्याचा हात पिरगाळून धरला तो पेच आज किमुरा नावाने शिकवतात. मासाहिको किमुराने १९५१ मध्ये रिओत एलिओ ग्रेसीला त्याच पेचाने हरवले होते. अक्रमने हार मानली नाही. खांदा गेला आणि लढत थांबवावी लागली. तो पीळ आम्हाला समजतो. पण सोमवारी सकाळी पाळीवर हजर व्हायचे असलेल्या चाळिशीच्या माणसाला तो परवडणारा नाही. पायाच्या पेचांत तर आणखी जपायला हवे. टाच पिरगाळण्याच्या पेचात वेदना कळायच्या आधी गुडघ्याचे स्नायुबंध जातात. फेडरेशनच्या गी, म्हणजे जाड कापडी अंगरखा, घालून होणाऱ्या स्पर्धांत तो पेच कोणत्याच पट्ट्याला चालत नाही, आणि गीशिवायच्या स्पर्धांत २०२१ पासून फक्त प्रौढ तपकिरी व काळ्या पट्ट्यांना मोकळा झाला. ज्या गुडघ्याने आधीच लंगोट सोडायला लावला, त्याला या पेचापासून लांबच ठेवावे.

सुरुवात गी घालून करावी की नाही, यावर वाद आहे. उघड्या अंगाने, घामाने निसटत लढलेल्या मल्लाला बाही आणि गळपट्टी धरून कुणी ओढले की चीड येते. तरीही आमचा कौल गीकडे. कापडामुळे सगळे संथ होते, अंगजोरावर निसटता येत नाही आणि विचार करणे भाग पडते. स्पर्धेची हौस असेल तर वयाची अडचण नाही. तिशीपासून मास्टर्स गट सुरू होतात, साधारण पाच-पाच वर्षांच्या टप्प्याने साठीच्या पुढेही जातात. सरावात पट्टा मात्र नवशिक्याचा, पांढरा. गावाने डोक्यावर घेतलेल्या माणसाला पांढरा पट्टा बांधून रांगेत शेवटी उभे राहावे लागते, आणि काही जण तिथूनच परत फिरतात.

शिकवणारे मुख्यतः पुण्या-मुंबईत. हातकणंगल्याच्या माणसाला रोज तिकडे जाणे शक्य नाही, म्हणून चार-सहा जुन्या मल्लांनी मिळून तालमीतली मॅट रविवारी मागून घ्यावी आणि महिन्यातून एकदा जाणता प्रशिक्षक बोलवावा, हा व्यवहारी मार्ग. मॅट दर वेळी जंतुनाशकाने पुसायची, नखे कापायची, अंगावर गजकर्ण दिसले की घरी बसायचे. हळद, तेल आणि ताक घातलेल्या मातीवर जे चालून गेले ते प्लास्टिकवर चालत नाही.

सराव कसा घ्यायचा हे वस्तादांच्या हातात आहे. पहिले काही महिने त्याला पट काढू देऊ नका. ते त्याला येते. गुडघ्यावरूनही नको, थेट खालूनच सुरुवात करा. तो उताणा, आणि वर कॉलेजातला एखादा हलका, चपळ पोरगा. कोपरे अंगाशी, एक गुडघा दोघांच्या मध्ये, कंबर सरकवत जागा काढायची, एवढेच काम. तो जोर लावेल, वळून पालथा व्हायला जाईल, पोरगा पाठीवर चढेल आणि पुन्हा पहिल्यापासून. या काळात वस्तादाने मॅटच्या कडेला शांत उभे राहावे आणि सवयीने ‘पाठ उचल’ म्हणून ओरडू नये.