शंकेला उत्तर द्या

पाडव्याच्या मुहूर्तावर दारात नवी गाडी यावी, ही अनेक घरांची हौस. पण शोरूममध्ये विजेच्या मोटारीभोवती दोन फेऱ्या मारून कितीतरी कुटुंबे शेवटी पेट्रोलचीच गाडी बुक करतात. त्यांना बदलाला घाबरणारे म्हणून मोकळे होणे आम्हाला अन्यायाचे वाटते. डोक्यावर कर्ज घेऊन गाडी घेणारा माणूस चार प्रश्न विचारणारच.

प्रश्नही रास्त आहेत. गावी जाताना वाटेतला चार्जर चालू असेल का? बॅटरीची वॉरंटी संपत आली की गाडी कोण विकत घेईल? सगळ्यात मोठा अडथळा तर घरच्या पार्किंगमध्येच आहे. सोसायटीच्या सभेत चार्जरचा अर्ज आला की वाद ठरलेला : वायर कुणाच्या मीटरवरून ओढायची, वाढीव लोडचा खर्च कुणी सोसायचा, आग लागली तर जबाबदार कोण? विषय पुढच्या सभेवर जातो आणि गाडी पुढच्या वर्षावर.

राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी दिली. तिचे स्वागतच आहे. पण तिने पार्किंगमधला तिढा सुटत नाही.

इथेनॉलचा अनुभव ताजा आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे २०३० चे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठले. ऊस उत्पादकाला त्याचा आधार झाला, परकीय चलनही वाचते. मात्र जुन्या गाडीच्या मालकाला पंपावर निवड उरली नाही आणि मायलेज किती घटेल, याचे उत्तर त्याला तक्रारी सुरू झाल्यावर मिळाले. अशाने विश्वास उडतो. याउलट सीएनजीच्या रांगांना आणि अडलेल्या डिकीला नावे ठेवतही लोकांनी तो स्वीकारला. कारण बचत रोज खिशात दिसत होती आणि किट दुरुस्त करणारा मेकॅनिक जवळ होता.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. नव्या इमारतीत प्रत्येक पार्किंगपर्यंत वायरिंग हवे. जुन्या सोसायट्यांच्या हाती खर्च आणि सुरक्षेची सोपी नियमावली द्यावी. महामार्गावरचा बंद चार्जर ठरल्या मुदतीत दुरुस्त व्हावा. जुनी गाडी विकताना बॅटरीच्या क्षमतेचा विश्वासार्ह दाखला मिळावा.

स्वच्छ हवा सगळ्यांना हवी. तिच्यासाठीची जोखीम एकट्या ग्राहकाच्या माथी मारू नये.



— संपादक