मोहरीच्या पोत्यात धोतऱ्याचे बी

खाद्यतेलाच्या आयातीवर देशाचा पैसा पाण्यासारखा वाहतो. म्हणून केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. त्यात मोहरी आहे. मग जतसारख्या कोरडवाहू तालुक्यात मोहरी का पेरू नये? आमचे मत विचाराल तर तेलासाठी सलग मोहरीच्या भरीस पडू नये. या पिकाला उत्तरेकडची लांब थंडी मानवते. देशातील जवळपास निम्मी मोहरी एकटा राजस्थान पिकवतो. जतच्या काळ्या रानाला शाळू आणि करडईच शोभते. करडईचे मूळ खोलवरची ओल शोधते, शिवाय काट्यांमुळे जनावर तोंड लावीत नाही.

फोडणी-लोणच्यापुरती मोहरी मात्र हरभऱ्याच्या कडेने चार ओळी जरूर घ्यावी. खरा प्रश्न येतो तो मळणीनंतर.

मोहरीचे गणगोत मोठे आहे. शिरस आणि काळी मोहरी यांच्या नैसर्गिक संकरातून आपली मोहरी झाली, हे १९३५ साली सिद्ध झाले. शिरस तर सलगमच्याच जातीचे! त्याची शेंग तडकली की बी सांडते आणि पुढच्या हंगामात तण होऊन उगवते. हे बी मोहरीत मिसळले तरी कोणी आजारी पडत नाही. घात करतो तो दुसराच रानटी सोबती, पिवळा धोतरा. पडीक रानात, रस्त्याकडेला तो सर्वत्र दिसतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याचे तेल मिसळले गेले. पाय सुजून, हृदय निकामी होऊन साठाहून अधिक माणसे दगावली.

किराणा व्यापारी बंधूंनी मूठभर दाणे हातावर घेऊन पाहावे. मोहरीचा दाणा गुळगुळीत, फोडला तर आत पिवळा. धोतऱ्याचा काळा, खरबरीत, आत पांढरा. एवढ्याला प्रयोगशाळा लागत नाही. परंतु निवडलेल्या मालाला आणि कचऱ्यासकट मालाला आपण एकच भाव देत असू, तर शेतकऱ्याने खुरपणीची मजुरी कोणाच्या खिशातून द्यावी? किलोमागे दोन रुपये जास्त द्या आणि धोतऱ्याचे बी सापडले तर पोते सरळ परत करा. शेतकऱ्यानेही बांधावरचा धोतरा फुलावर असतानाच उपटावा. बोंडे वाळल्यावर उपटला तर बी रानातच सांडते.