नदीपलीकडचे कैकाडी

चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरहून राजुऱ्याकडे जाताना वर्धा नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडचा कैकाडी अनुसूचित जातीचा आहे. पलीकडचा विमुक्त जातीचा. टोपल्या-कणग्या विणण्याचा व्यवसाय तोच, पिढ्यान्‌पिढ्यांची भटकंती तीच, गुन्हेगार म्हणून कपाळी मारलेला शिक्काही तोच. तरीही कायद्याच्या लेखी ही दोन निराळी माणसे आहेत.

अनुसूचित जातींच्या यादीत कैकाड्यांचे नाव केवळ विदर्भातील जुन्या जिल्ह्यांपुरते आहे आणि त्यातूनही राजुरा तालुका वगळलेला आहे. विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, राजुरा निजामाच्या राज्यात. एवढेच त्यामागचे कारण. १९६० साली महाराष्ट्र एक झाला. १९७६ च्या कायद्याने याद्यांतील बहुतेक क्षेत्रबंधने उठली. कैकाड्यांचे मात्र राहिले. साताऱ्या-सोलापुरातील कैकाडीही त्यामुळे यादीबाहेरच आहे.

हा प्रश्न केवळ दाखल्याचा नाही. अलीकडच्या कैकाड्यावर अत्याचार झाल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. पलीकडच्याला तो आधार नाही. विधानसभेची राखीव जागा एकाला लढविता येते, दुसऱ्याला येत नाही. जिल्हा परिषदेत नागरिकांच्या मागास प्रवर्गात त्याला वाटा आहे खरा; पण तिथे संख्येने आणि साधनांनी बलाढ्य असलेल्या जातींपुढे पालात राहणाऱ्याचा निभाव कसा लागावा?

प्रादेशिक न्यायाचा या राज्यात पुष्कळ ऊहापोह झाला. दांडेकर समितीने १९८४ मध्ये जिल्हावार अनुशेष मोजून दिला. सिंचन, रस्ते, शाळा यांची तूट रुपयांत मांडली गेली आणि हे काम मोलाचेच होते. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. २०२० साली त्यांची मुदत संपली तेव्हा हळहळ व्यक्त झाली. परंतु सरासरी जिल्ह्याची निघते. ज्याचे नाव गावाच्या कोणत्याच नोंदवहीत स्थिर नाही, त्याचा अनुशेष कोणत्या जिल्ह्याच्या खाती धरावयाचा, हे या हिशेबातून कळत नाही. धरणासाठी भांडायला आमदार असतात. पालासाठी कोण भांडणार? आम्हीही या दोषातून मुक्त नाही. १९८० साली ‘उपरा’ आले, तेव्हा त्यावर आपल्या शिबिरांतून भरभरून बोलले गेले. यादीतील हे क्षेत्रबंधन किती ठरावांत आले?

घटनेच्या ३४१ व्या कलमान्वये ही यादी संसदच बदलू शकते. म्हणून राज्यातील खासदारांनी, पक्षभेद बाजूस ठेवून, क्षेत्रबंधन हटविणाऱ्या विधेयकाचा आग्रह धरला पाहिजे. मात्र यादीतील वाटेकरी वाढतील म्हणून विदर्भातील अनुसूचित जातींच्या मनात शंका येईल. ती क्षुद्र म्हणून झटकून चालणार नाही; त्यांच्याशी आधी बोलावे लागेल आणि वाढलेल्या लोकसंख्येच्या प्रमाणात तरतूद वाढविण्याची मागणी त्याच निवेदनात घालावी लागेल. जिल्हा नियोजन समित्यांच्या बैठकांत भटक्या-विमुक्तांचे प्रतिनिधी मत मांडण्यासाठी बोलावले जावेत, यासाठी तर संसदेची वाट पाहण्याचेही कारण नाही.

आगामी जनगणनेत जातीची नोंद करण्याचे केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. राजुरा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील पालांची यादी आताच हाती तयार ठेवावी आणि प्रगणक तिथवर पोहोचतो की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे.